लॉकडाऊनच्या त्या दोन वह्या: जपायच्या कशा, लिहायच्या कशा

वाचकाचे पत्र (थोडक्यात)

मी डोंबिवलीत राहते, वय ६९. मार्च २०२० पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत बहुतेक रोज रात्री वहीत लिहीत होते. दोनशे पानी दोन वह्या भरल्या. त्यांच्यासोबत एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सोसायटीच्या सूचना, औषधांची बिले, वर्तमानपत्राची थोडी कात्रणे, घरी मास्क शिवायला कापलेला कागदी नमुना असे बरेच काही आहे. माझी सून नर्स आहे. त्या दिवसांत भीतीपोटी तिच्याबद्दल जे लिहिले ते आज मला वाचवत नाही. सप्टेंबरात साताऱ्याचा धाकटा भाऊ गेला. मला जाता आले नाही. त्याचे आवाजातले निरोप जुन्या फोनमध्ये पडून आहेत. मुलगी म्हणते पुस्तक काढ, मुलगा म्हणतो जुने उकरू नकोस. वह्यांना पावसाळ्यात वास यायला लागलाय आणि बिले कोरी पडत चालली आहेत. नुसते जपू, लिहून काढू, की सोडून देऊ?

उत्तर

ताई, सोडून मात्र देऊ नका. पुस्तक काढायचे की नाही हे वर्षभराने ठरवले तरी चालेल. फोनमधले निरोप आणि कोरी पडत चाललेली बिले तेवढा वेळ थांबणार नाहीत. म्हणून आधी फोन, मग बिले, मग वह्या आणि सगळ्यात शेवटी लेखन, असा क्रम धरा.

फोन हातात घेतल्यावर मागची बाजू बघा. झाकण उचलले गेले असेल किंवा फोन फुगल्यासारखा वाटत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तो चार्जिंगला लावू नका, दाबूनही बघू नका. दुरुस्तीच्या दुकानात न्या आणि स्पष्ट सांगा की फोन दुरुस्त करायचा नाही, रीसेट तर मुळीच करायचा नाही, फक्त आतला डेटा काढून हवा आहे. शक्यतो काम होईपर्यंत तिथेच थांबा. बॅटरी ठीक असेल तर घरीच चार्ज करा, पण व्हॉट्सॲप काढून टाकू नका. ते फार जुने झाल्यामुळे उघडतच नसेल तरी घाबरायचे कारण नाही, कारण निरोपांच्या फाइली फोनच्या साठ्यात वेगळ्या असतात. अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडला की व्हॉट्सॲपच्या फोल्डरात ‘मीडिया’ आणि त्याच्या आत ‘व्हॉइस नोट्स’ सापडते. तिथे वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक जोडून नाव दिलेली छोटी फोल्डरे असतात. फाइलीच्या नावातही वर्ष, महिना, दिवस सलग लिहिलेला असतो. हे आख्खे फोल्डर जसेच्या तसे उचलून संगणकात ठेवा.

बरेच जण इथे निरोप स्वतःलाच फॉरवर्ड करतात. तसे केले की त्यावर आजची तारीख पडते आणि जुनी हरवते. मूळ फाइल ओपस प्रकारची असते. ती तशीच ठेवून ऐकण्यासाठी एक एमपीथ्री प्रत वेगळी करून घ्या. प्रत्येक निरोपासाठी वहीत एकेक ओळ लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, कशाबद्दल, मागे आवाज कसला येतोय. भावाचा आवाज तुम्ही ओळखाल. तुमच्या पणतवंडांना तो ओळखू येण्यासाठी ती ओळ लागेल. हे निरोप ऐकणे तुम्हाला आत्ता झेपत नसेल तर ऐकू नका. फाइली उतरवून घेण्यासाठी त्या ऐकाव्या लागत नाहीत. ते काम मुलीला करू द्या.

सोसायटीच्या ग्रुपवरचे संदेश हवे असतील तर ‘एक्स्पोर्ट चॅट’ची सोय आहे, पण ती ठरावीक संख्येपर्यंतच चालते आणि ताजे संदेश आधी घेते. गजबजलेल्या ग्रुपात २०२० पर्यंत ती पोहोचतच नाही. मग ग्रुपच्या शोधात कॅलेंडरचे चिन्ह दिसते का बघा. त्यातून थेट २४ मार्च २०२० वर उडी मारता येते. तिथून पुढे महत्त्वाच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या आणि तारखेची पट्टी चित्रात येईल याची काळजी घ्या.

आता बिले. मेडिकलच्या दुकानातले ते गुळगुळीत बिल थर्मल कागदाचे असते. त्यात शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि अक्षर उमटते. ऊन, उकाडा, हाताचे तेल, चिकटपट्टी आणि विशेषतः मऊ प्लास्टिकच्या पिशवीतून सुटणारी रसायने या लेपाला मारतात. तुमचे फोल्डरच बिलांना खात आहे म्हणा ना. आजच ती बाहेर काढा. प्रत्येकाचा रंगीत फोटो घ्या आणि साध्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्सची काळी पूड कागदावर भाजली जाते, ती उडत नाही. मूळ बिले साध्या कागदी पाकिटात, अंधारात ठेवा. लॅमिनेशन कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. त्या यंत्राची उष्णता लागली की थर्मल कागद आख्खा काळा पडतो, मग त्यातले काहीच परत मिळत नाही. जी बिले जवळजवळ कोरी झाली आहेत त्यांचा फोटो काढून फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. पुष्कळदा अक्षरांची सावली वाचता येते. ऑक्सिमीटर किती रुपयांना घेतला, हे त्या सावलीतून मिळाले तरी पुष्कळ आहे.

वर्तमानपत्राची कात्रणे वह्यांपासून वेगळी करा. त्या स्वस्त कागदातले आम्ल शेजारच्या पानावर उतरते आणि पानावर तपकिरी डाग धरतो. मुंबई-पुण्याकडे त्या एप्रिलमध्ये घरोघरी पेपर टाकणेच बंद होते, त्यामुळे हाती असलेली कात्रणे थोडीच असणार. त्यांचीही झेरॉक्स काढा. सोसायटीच्या सूचनांना लावलेल्या स्टेपलरच्या पिना दमट हवेत गंजतात. पिन ओढून काढली तर कागद फाटतो. कागद पालथा घालून पिनेची दोन्ही टोके बोथट सुरीने सरळ करा आणि मग दुसऱ्या बाजूने पिन उचला. रबरबँड वितळून चिकटतात, तेही काढून टाका. कागद एकत्र ठेवायचे तर मोठ्या कागदाची घडी करून त्यात ठेवा. मास्कचा नमुना घडी न घालता सपाट ठेवा. त्यावर कोणते कापड वापरले, किती थर, नाडी कशाची, हे पेन्सिलीने मागे लिहा.

वह्यांच्या वासाचा अर्थ ओल, कदाचित बुरशी. पंख्याखाली, सावलीत, पाने उभी-पसरट ठेवून दोन-तीन कोरडे दिवस वाळवा. उन्हात टाकायचा मोह होईल, पण उन्हाने शाई उडते आणि कागद कडक होऊन मोडतो. पांढरी-हिरवट पूड दिसली तर गॅलरीत जाऊन, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलेत तर बुरशी पानात भिनते. जेल पेनाने लिहिलेल्या पानांना पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. ती शाई फुटू शकते. बॉलपेनाची तेलकट शाई त्यामानाने तग धरते.

नंतर प्रत्येक वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पोथीला बासन असायचे ते याच कारणाने: कापड धूळ अडवते आणि हवा खेळू देते. कापडाला खळ नको, खळीला कसर लागते. वेखंडाचे तुकडे कपाटात ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पानाला टेकणार नाहीत अशा, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून नको, खालचा कप्पाही नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा सगळे उघडून वारा द्या.

फोनने वह्या स्कॅन करताना खिडकीजवळचा उजेड वापरा, फ्लॅश बंद ठेवा. वही उघडली की एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. पातळ बाजूखाली दुसरे पुस्तक सारून दोन्ही पाने एका पातळीवर आणा, नाहीतर शिवणीजवळचे शब्द वाकडे येतात. स्कॅनच्या काही ॲपमध्ये ‘काळे-पांढरे’ हा पर्याय आपोआप निवडला जातो. तो बंद करून रंगीत ठेवा. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिलीची बारीक टीप, खोडलेला शब्द, पुसट शाई सगळे गायब होते. खोडलेला शब्दही नोंदच आहे. कोरी पाने आणि मलपृष्ठही सोडू नका. दुधाचा हिशेब किंवा कुणाचा फोन नंबर बहुधा मागेच लिहिलेला असतो.

फाइलीचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या: २०२०-०४-०५, वही १, पान ०१२. दिवस आधी लिहिलात तर संगणक सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा एकत्र रचतो. प्रती तीन हव्यात: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक डोंबिवलीबाहेर, मुलीकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह कपाटात टाकून वर्षानुवर्षे विसरण्यासाठी नसतो, तो न वापरता पडून राहिला की आतली माहिती हळूहळू जाते. हार्ड डिस्कही वर्षातून एकदा लावून दोन-चार फाइली उघडून बघायची.

इथवर हातांचे काम झाले. आता मजकुराकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. वहीतला मूळ मजकूर जसा आहे तसाच उतरवून काढा आणि आजचे तुमचे म्हणणे त्याच्याखाली वेगळ्या टिपेत लिहा. दोन्ही एकत्र करू नका. आज तुम्हाला ठाऊक आहे की पहिले एकवीस दिवस संपल्यावर काय झाले. २५ मार्चला गुढी उभारताना ते ठाऊक नव्हते, आणि त्या नोंदीचे मोल त्या न ठाऊक असण्यात आहे. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली, पार्सल दारात दोन दिवस ठेवले असे लिहिले असेल तर ते कापू नका. खाली एवढीच टीप द्या: तेव्हा वस्तूंना हात लावल्याने संसर्ग होतो याची धास्ती मोठी होती, हवेतून आणि बंद खोलीतून होणाऱ्या प्रसारावर भर नंतर आला. शुद्धलेखन सुधारायलाही हरकत नाही, पण ‘पॉजिटिव’, ‘करोना’, ‘कोरोना’ असे शब्द तुम्ही जसे लिहिलेत तसे राहू द्या. तुमची आताची भर चौकोनी कंसात टाका, म्हणजे कोणती ओळ कधीची हे कायम कळेल.

तारखा नसलेल्या किंवा शंका असलेल्या नोंदी बसवायला काही पक्के खुंटे वापरा. जनता कर्फ्यू रविवारी, २२ मार्च २०२० ला होता. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली. रात्री आठचे भाषण मंगळवार, २४ मार्चचे. दुसऱ्या दिवशी पाडवा. दिवे मालवून नऊ मिनिटे पणत्या लावल्या तो रविवार, ५ एप्रिल. लॉकडाऊनची मुदत आधी १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मे, १७ मे आणि ३१ मेपर्यंत. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला. ज्या घरात दहावीचे मूल होते त्या घरात ही तारीख हमखास आठवते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून. आषाढी १ जुलैला होती आणि पालख्यांच्या पादुका पायी न जाता एसटीने पंढरपूरला गेल्या. जुलैच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक बंदी आली होती, तीही तुमच्या वहीत असणार. गणपती २२ ऑगस्टला बसले. घरच्या मूर्तीला दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती. देवळे १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली.

लोकलच्या तारखा डोंबिवलीकरांना जास्त उपयोगी पडतील. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी १५ जून २०२०, महिलांना ठरावीक वेळेत २१ ऑक्टोबर, आणि सगळ्यांना, पण ठरावीक वेळांतच, १ फेब्रुवारी २०२१.

सर्वांत जास्त घोळ दोन लाटांचा होतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावाधाव, रेमडेसिविरची शोधाशोध आणि ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध म्हटले की बहुधा एप्रिल २०२१. हे प्रसंग आठवणीत सरकून २०२० मध्ये जाऊन बसतात. तुमच्या वह्या फेब्रुवारी २०२१ ला संपतात, त्यामुळे अशा गोष्टी वहीत नसतील आणि तुम्ही आठवणीतून त्यांची भर घालत असाल तर थांबून तारीख तपासा. ई-पासचेही तसेच. जिल्हा ओलांडायला लागणारा पास २ सप्टेंबर २०२० पासून बंद झाला, पण एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा लागू झाला. नुसत्या पासावरून वर्ष ठरवू नका.

दोनशे पानी दोन वह्या म्हणजे चारशे पाने. पानाला सव्वाशे शब्द धरले तरी पन्नास हजार शब्द होतात. रोज चार पाने टाइप केलीत तर शंभर दिवसांचे काम आहे. फोनला मराठीत बोलून लिहिता येते, वेग दुप्पट होतो. मात्र विरामचिन्हे स्वतः घालावी लागतात आणि ‘ळ’ आणि ‘ल’, ‘न’ आणि ‘ण’ यांत चुका राहतात. उतरवून काढायला सगळे घ्या. पुस्तकासाठी निवडायचे झाले तर साठ-सत्तर दिवस पुरेत. निवडताना थाळ्या आणि पणत्यांचे दिवस कमी घ्या. त्यांची चित्रे सगळीकडे आहेत. तुमच्या सोसायटीत लिफ्टची बटणे दाबायला काडी कोणी बांधली, भाजीवाला किती वाजता फाटकाशी यायचा, वाण्याच्या दुकानापुढे चुन्याचे गोल किती अंतरावर होते, आंब्याची पेटी थेट बागायतदाराकडून कशी आली आणि डझनाला काय भाव पडला, पिठाची गिरणी बंद असताना पोळ्या कशाच्या केल्या, हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. १८९६ च्या प्लेगवर सरकारी अहवाल ढिगाने आहेत. २०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदाही त्याच प्लेगमुळे १८९७ साली आला. पण त्या वर्षी गिरगावातल्या एखाद्या बाईने चूल कशी चालवली हे शोधायला बसा, हाती फार थोडे लागते.

वहीत काय आहे याच्याइतकेच काय नाही हेही बघा. बहुतेक घरांच्या नोंदींत एक मोठे भोक असते: घरकाम करणाऱ्या ताई. त्यांना कधीपासून येऊ नका सांगितले, त्या महिन्यांचा पगार पूर्ण दिला, अर्धा दिला, की दिलाच नाही? आकडा लिहा. तो लिहिताना संकोच वाटला तरी लिहा. वॉचमन तेव्हा फाटकावरच्या केबिनमध्ये राहत होता का, त्याला जेवण कोण द्यायचे, तो गावी कसा गेला? कचरा कोण नेत होते? यांतल्या ज्यांची गाठ पडेल त्यांना विचारा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहा. आधी सांगा की हे लिहून ठेवणार आहोत, नाव घालू का म्हणून विचारा, लिहिलेले वाचून दाखवा. प्रश्न लहान ठेवा. “तुम्हाला कसे वाटले?” याला बहुतेक जण “काय सांगायचं” एवढेच म्हणतात. “पहिल्या महिन्यात रेशन कुठून आणलंत?” याला पाऊण तास उत्तर मिळते.

आता सूनबाई.

तुम्ही काय लिहिलेत ते तुम्ही सांगितले नाही, आणि आम्हाला ते कळायची गरजही नाही. रुग्णालयातून रोज परत येणाऱ्या माणसाची घरच्यांना धास्ती वाटणे त्या दिवसांत घरोघरी होते. वेगळे ताट, वेगळी बादली, वेगळी खोली, आणि मनातले ते वाईट विचार. ती पाने फाडू नका. खोडूही नका. फाडलेल्या पानाची जागा वहीत दिसत राहते आणि तिथे काय होते याची कल्पना वाचणारा जास्तच वाईट करतो. ती पाने स्कॅन करून वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि सूनबाईंशी बोलल्याशिवाय कोणालाही, मुलीलाही, वाचायला देऊ नका. वह्यांचे स्कॅनिंग दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर तेवढी पाने स्वतः करा.

बोलताना वही त्यांच्या हाती देऊन “वाच” असे म्हणू नका. आधी तोंडी सांगा: त्या वेळी मी घाबरून तुझ्याबद्दल असे असे लिहिले, ते चूक होते, ते तुला माझ्याकडूनच कळावे. वाचायचे की नाही हे त्यांना ठरवू द्या. नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा. एक गोष्ट मात्र जरूर विचारा: तुझ्या बाजूने त्या दिवसांची नोंद करशील का? १५ जूनपर्यंत लोकल नव्हती. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सोडलेल्या एसटी-बेस्टच्या बसने डोंबिवलीहून जायला किती वाजता निघावे लागे, पीपीई किटमध्ये सलग किती तास, त्यात पाणी कधी प्यायचे, घरी आल्यावर दारातच कपडे कुठे टाकायचे, सोसायटीत जिन्याने जायला कोणी सांगितले का. हे त्या लिहोत किंवा फोनवर बोलून ठेवोत. तुमच्या त्या नोंदीशेजारी ही नोंद आली, तर तुमचे लिहिणे त्यांच्यावरचा आरोप म्हणून कोणी वाचणार नाही. त्या नाही म्हणाल्या, तर ती पाने पुस्तकात घेऊ नका. यात मुलाचे किंवा मुलीचे मत घ्यायचे कारण नाही, हा हक्क सूनबाईंचा आहे.

शेजाऱ्यांबद्दलच्या नोंदींना वेगळा नियम लावा. कोणाला आजार झाला, कोणाचा अहवाल काय आला, कोणत्या घरी फवारणी झाली, ही त्या माणसांची खासगी गोष्ट आहे. नाव बदलले तरी ‘बी विंग, तिसरा मजला, शाळेतले सर’ असे लिहिलेत तर चाळीस घरांच्या सोसायटीत सगळे ओळखतात. मजला, पेशा आणि महिना यांतले दोन तरी तपशील काढून टाका. कुणावर, एखाद्या रुग्णालयावर किंवा कमिटीवर ठपका असेल आणि तुम्ही छापणार असाल, तर ते पान छापण्यापूर्वी वकिलाला दाखवा. घरच्या हस्तलिखितात तो मजकूर मूळ रूपात राहू द्या. ज्या पानांना आता वाचक नको ती पाकिटात घालून चिकटवा, वर लिहा: ‘२०४५ नंतर उघडावे’, खाली सही आणि तारीख. पाकीट कुठे आहे हे एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

मुलगा म्हणतो उकरू नकोस, यात त्याची काळजी दिसते. भावाच्या सप्टेंबरला तुम्ही हात लावाल तेव्हा त्रास होणारच. म्हणून उतरवून काढायला मार्चपासून सुरुवात करा, सप्टेंबरची पाने शेवटी घ्या. रात्री ते काम करू नका. सकाळी करा, अर्धा-पाऊण तास, आणि नंतर बाहेर पडायचे काहीतरी ठरवून ठेवा. अंत्यविधीला जाता आले नाही हे मनात राहिलेल्या पुष्कळांना साताऱ्याला जाऊन, त्याच्या घरात बसून, वहिनींना त्या दिवसांबद्दल विचारल्याने बरे वाटते. तिकडची हकिकत तुमच्या वहीत नाहीच, ती वहिनींकडेच आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जाईना, सारखे तेच डोळ्यांपुढे येऊ लागले, तर काम बंद ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी पुस्तकाचे. घरच्यांपुरत्या वीस-पंचवीस प्रती डिजिटल छपाईत होतात. ऑफसेटला शेकड्याने काढाव्या लागतात, त्या वाटेला जाऊ नका. टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्येच द्या. काही दुकाने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि परत देताना अक्षरांचा खिचडा होतो. आधी एकच प्रत काढून जोडाक्षरे तपासा, विशेषतः ‘र्‍य’, ‘द्ध’, ‘ह्म’. बांधणी शिलाईची मागा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाने मुंबईच्या हवेत काही पावसाळ्यांत सुटतात. वहीच्या दोन-चार पानांची रंगीत चित्रे आत घाला, तुमचे अक्षर दिसू दे. शेवटी दोन पाने शब्दांसाठी राखा: क्वारंटाइन, कंटेनमेंट झोन, आरोग्य सेतू, हाताच्या मागच्या बाजूला मारायचे तो शिक्का. २०२१ मध्ये जन्मलेल्या मुलाला यांतले एकही समजणार नाही.

वह्या पुढे एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला द्यायच्या मनात असतील तर आधी पत्राने विचारा. हस्तलिखिते घेता का, कुठे ठेवता, बंद पाकिटाची मुदत पाळाल का. उत्तर लेखी घ्या. तोपर्यंत त्या घरीच ठेवा, आणि वह्यांच्या पहिल्या पानावर आजच पेन्सिलीने तुमचे पूर्ण नाव, जन्मवर्ष, गाव आणि या काळात घरात कोण कोण राहत होते ते लिहा.